खिशात घट्ट, ओठांवर मऊ

आजीच्या फणेरपेटीत आरशाखाली तीन कप्पे होते. एकात फणी, दुसऱ्यात पिंजरीचा करंडा आणि तिसऱ्यात पितळेची चपटी डबी. त्या डबीत मेण असायचं. आंघोळ झाली की आजी बोटाच्या टोकाने मेण कपाळावर गोल लावायची, त्यावर पिंजर टेकवायची आणि बोटाला राहिलेलं मेण ओठांवरून फिरवायची. चुलीपुढे कितीही घाम आला तरी तिचं कुंकू ओघळत नसे. थंडीत आम्हा मुलांचे ओठ उलले की तीच डबी आमच्यासाठी उघडली जाई.

डबीतला ऐवज साधा होता. मधमाशीचं मेण, आणि ते मऊ पडावं म्हणून त्यात मिसळलेलं थोडं खोबरेल. आज दुकानात मिळणाऱ्या लिप बामच्या कांडीत रंग असतो, सुगंध असतो, आणखी बरंच काही असतं. पण त्याखाली मेण आणि तेल हीच जोडी बहुतेकदा सापडते, आणि सोबत एखादा लोण्यासारखा घट्ट स्निग्ध पदार्थ. हे तीन जिन्नस, अर्धा तास आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्या भांडवलावर घरी उत्तम लिप बाम होतो.

मात्र नुसती कृती पाठ करून भागत नाही. पुण्याच्या जानेवारीत छान जमलेला बाम नागपूरच्या मे महिन्यात डबीतच पातळ होतो. नागपूरच्या उन्हासाठी बेतलेला बाम निफाडच्या थंडीत ओठांना ओढत राहतो, पसरतच नाही. बाम खिशात घट्ट राहिला पाहिजे आणि ओठांना टेकताच मऊ झाला पाहिजे. एवढीच त्याची परीक्षा, आणि ती प्रत्येक गावात, प्रत्येक ऋतूत वेगळी. म्हणून या प्रकरणात प्रत्येक जिन्नस तिथे का आहे हे आधी पाहू. ते कळलं की प्रमाण आपलं आपल्याला बसवता येतं.

ओठच का उलतात

गालाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, बारीक केसांची मुळं असतात आणि त्या मुळांशी तेल पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. घाम आणि तेल मिळून कातडीवर एक पातळ थर तयार होतो आणि आतलं पाणी उडून जायला अडथळा करतो. ओठांच्या लाल भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. शिवाय तिथला वरचा कठीण थर फार पातळ असतो. इतका पातळ, की आतल्या केशवाहिन्यांतलं रक्त त्यातून झळकतं. ओठ लाल दिसतात ते त्यामुळेच. म्हणजे ज्या कारणाने ओठ सुंदर दिसतात त्याच कारणाने ते सगळ्यांत आधी सुकतात.

थंड हवेत पाण्याची वाफ कमी मावते. डिसेंबर-जानेवारीत दख्खनच्या पठारावर कोरडं वारं सुटलं की ते जिथून मिळेल तिथून पाणी ओढतं, आणि उघड्या ओठांवरून ते सहज मिळतं. कोकणात समुद्रामुळे हवेत दमटपणा असतो, म्हणून तिथे ओठ उलण्याचा त्रास घाटमाथ्यापेक्षा कमी. रात्रभर चालणारा एसी मात्र कुठल्याही गावात पठारावरची कोरडी थंडी तयार करतो.

ओठ कोरडे वाटले की जीभ आपोआप फिरते, आणि तिथेच दुखणं वाढतं. लाळ उडून जाताना ओठ क्षणभर गार वाटतात आणि लगेच आधीपेक्षा कोरडे होतात. लाळेतली पाचक द्रव्यं नाजूक कातडीला चुरचुरवतात ते वेगळंच. सतत ओठ चाटणाऱ्या मुलांच्या तोंडाभोवती लालसर कडं उमटतं ते याच सवयीमुळे. अशा मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्या दप्तरात बामची डबी ठेवणं जास्त गुणाचं. ओठ कोरडे वाटले नाहीत, तर जीभ फिरत नाही.

बाम म्हणजे झाकण

लिप बाम ओठांना ओलावा देतो असं आपण म्हणतो. पण मेण, तेल आणि तो घट्ट स्निग्ध पदार्थ यांपैकी कशातही पाणी नाही. जे जवळ नाही ते बाम देणार कुठून? बामचं काम झाकणाचं आहे. ओठांत आहे ते पाणी तो आत कोंडून ठेवतो, आणि तेवढ्या उसंतीत कातडी स्वतःची भेग स्वतः भरून काढते. म्हणून बाम लावण्याची योग्य वेळ म्हणजे तोंड धुऊन ओठ नुकते टिपले आहेत, अजून किंचित दमट आहेत, तेव्हाची. पार सुकलेल्या ओठांवर बाम लावला तर झाकण बसतं, पण आत कोंडायला फारसं काही उरलेलं नसतं. रात्री निजताना लावलेला बाम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. त्या वेळी बोलणं नाही, खाणं नाही, पुसलं जाणं नाही.

हे झाकण माणसाला फार पूर्वी सापडलं. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनच्या नावाने ओळखला जाणारा लेप मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी यांचा होता. आयुर्वेदातल्या सिक्थ तैलात एक भाग मेणाला पाच-सहा भाग तिळाचं तेल असतं, आणि पुढची अनेक मलमं याच पायावर बांधली जातात. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांवर जमणारा मेणचट चिकटा भाजल्या-कापल्यावर लावत असत. तो चिकटा शुद्ध करून त्याने जी जेली तयार केली तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. व्हॅसलीन ती हीच. अमेरिकेतल्याच लिंचबर्ग गावात १८८० च्या दशकात चार्ल्स फ्लीट या डॉक्टरने ओठांसाठी मेणाची कांडी केली. ती फारशी खपली नाही, आणि १९१२ मध्ये त्याने तिचे हक्क जॉन मॉर्टन यांना अवघ्या ५ डॉलरला विकले. मॉर्टनबाईंनी ते मिश्रण आपल्या स्वयंपाकघरात वितळवलं, पितळी नळ्यांत ओतलं आणि ओसरीवर गार करून त्याच्या कांड्या कापल्या. जगभर पोचलेल्या चॅपस्टिकचा पहिला कारखाना म्हणजे एका घराची चूल होती.

झाकण म्हणून पेट्रोलियम जेली अतिशय उत्तम आहे, हे इथे मोकळेपणाने सांगायला हवं. घरचा बाम नैसर्गिक आहे म्हणून आपोआप तिच्याहून सरस ठरत नाही. घरी करण्याचा फायदा वेगळा आहे. ओठांवर काय जातं हे आपल्याला नेमकं माहीत असतं, न सोसणारी वस्तू वगळता येते, आणि आपल्या हवेला बसेल असा घट्टपणा राखता येतो.

मेण: बामचा कणा

मेण मधमाशी आणत नाही, स्वतः तयार करते. साधारण १२ ते १८ दिवस वयाच्या कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ८ ग्रंथी असतात. त्यांतून मेण पाझरून पारदर्शक पापुद्रे बनतात. माशी ते पायांनी ओढून काढते, जबड्यात चावून मऊ करते आणि पोळ्याच्या भिंतीला लावते. एक पापुद्रा जेमतेम १ मिलिग्रॅमचा. आपण एका वेळच्या बामला १० ग्रॅम मेण वापरणार आहोत, म्हणजे असे सुमारे १० हजार पापुद्रे. त्यासाठी माश्यांनी किती तरी पट मध खर्चलेला असतो. मेण हातात घेताना हा हिशेब आठवला की ते वाया घालवावंसं वाटत नाही.

आपल्याकडे पेट्यांत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी माशी. मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर लटकणारी मोठी पोळी आग्या माशीची. मेण घेताना पोळं जाळून काढलेलं नाही ना, याची चौकशी जरूर करावी. महाबळेश्वरच्या परिसरात मधपेट्यांचा व्यवसाय अनेक पिढ्यांचा आहे, आणि तिथलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. अशा ठिकाणच्या मधपाळांकडे मध काढल्यावर उरलेल्या पोळ्याचं मेण मिळू शकतं. शहरात काष्ठौषधींच्या दुकानात विचारावं. मेणबत्तीचं पांढरं मेण हे पेट्रोलियमपासून बनलेलं पॅराफिन असतं आणि त्यात वेगळे रंग-सुगंध असतात. ते ओठांसाठी नको. मधमाशीच्या मेणाला मधाचा मंद वास येतो, रंग पिवळसर असतो आणि तुकडा मोडला की कडा दाणेदार दिसते.

पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर ते आधी स्वच्छ करावं. स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात मेणाचे तुकडे टाकावेत आणि मंद आचेवर वितळू द्यावेत. मेण वितळलं की सगळं मिश्रण दुहेरी मलमलीतून गाळून दुसऱ्या पातेल्यात रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी पाण्यावर मेणाची चकती तरंगताना दिसेल. तिच्या बुडाला काळसर गाळ चिकटलेला असतो, तो सुरीने खरवडून टाकावा. चकती पूर्ण कोरडी करावी. मेण वितळवायला लोखंडाचं किंवा तांब्या-पितळेचं भांडं वापरू नये, त्याचा रंग बिघडतो.

हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे महाराष्ट्रातला कुठलाही उन्हाळा त्याला सावलीत वितळवू शकत नाही. खिशात घट्ट राहण्याची जबाबदारी म्हणून मेणावर. जे मधमाशीचं मेण वापरत नाहीत त्यांना कँडेलिला हे वनस्पतीचं मेण घेता येतं. ते मधमाशीच्या मेणापेक्षा कडक असतं, म्हणून मोजमाप जवळपास निम्मं धरून सुरुवात करावी.

मुठेल: कोकणची देणगी

आता ओठांवर मऊ होणारा जिन्नस. बामच्या परदेशी कृतींत इथे कोको बटर किंवा आफ्रिकेतलं शिया बटर असतं. आपल्याला तेवढं लांब जायला नको. रत्नागिरीत ज्याला रातांबा म्हणतात आणि सिंधुदुर्गात, गोव्यात भिरंड म्हणतात, त्या फळाच्या बीमध्ये ही वस्तू आहे.

एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. सालींची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं. राहिलेल्या बिया वाळवून फोडायच्या, आतला मगज कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर येतं आणि गार झालं की सायीसारखं घट्ट थिजतं. ते गोळा करून मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करायचे. मुठीने वळलेलं म्हणून मुठेल. भिरंडेल किंवा कोकम तेल म्हणतात तेही हेच. तेल म्हटलं तरी ते घरात दगडासारखं पांढरं टणक असतं. कोकणातल्या घरांत टाचांच्या भेगांना आणि उललेल्या ओठांना पिढ्यान्‌पिढ्या हेच लावलं गेलं आहे. वापरायच्या आधी गोळा तळहातावर घासायचा किंवा दिव्याच्या ज्योतीजवळ धरायचा, कारण मुठेल ३८ ते ४२ अंशांच्या आसपास वितळतं.

ते एवढ्या आखूड टप्प्यात वितळतं यामागे त्याच्या रेणूंची एकसारखी घडण आहे. कोकमाच्या चरबीत स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन आम्लं प्रमुख, आणि बहुतेक रेणूंत मधोमध ओलेइक व दोन बाजूंना स्टिअरिक अशी ठरलेली मांडणी असते. रेणू सारखे असले की ते एकत्र थिजतात आणि एकत्र वितळतात. कोको बटरची मांडणीही याच धाटणीची आहे, म्हणून चॉकलेट हातात टणक राहतं आणि तोंडात विरघळतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरच्या जोडीला ठरावीक मर्यादेत चालणाऱ्या सहा वनस्पती चरबी दिल्या आहेत. त्यांत कोकम आहे, आंब्याच्या कोयीची चरबीही आहे. मालवणच्या परड्यातली वस्तू चॉकलेटच्या पंगतीला बसते ती या गुणावर.

ओठांचं तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असतं. नुसतं मुठेल तेवढ्यावर पुरतं वितळणार नाही, ओठांवर ओढ बसेल. म्हणून तिसरा जिन्नस हवा.

तेल: बाम पसरवणारं

तेल बामला पसरवतं आणि भेगेत शिरतं. तिळाचं तेल हा माझा पहिला पसंतीचा पर्याय. तिळातच असलेली काही द्रव्यं तेलाला खवट होऊ देत नाहीत, त्यामुळे ते बराच काळ टिकतं. वास नको असेल तर बदामाचं तेल घ्यावं. खोबरेल २४-२५ अंशांना थिजतं, म्हणजे हिवाळ्यात घट्टपणाला मदत करतं आणि उन्हाळ्यात अजिबात करत नाही. चमचाभर एरंडेल घातलं की बामला तुकतुकी येते आणि तो ओठांवर जास्त वेळ टिकतो. तूप ओठांना चांगलंच आहे, पण ते थेट लावावं. डबीत मेणाबरोबर कोंडलं की काही आठवड्यांत त्याचा वास बदलतो.

मेण कमी आणि तेल जास्त असूनही बाम घट्ट कसा राहतो? मिश्रण गार होताना मेणाचे अतिशय बारीक स्फटिक तयार होतात आणि एकमेकांत अडकून त्यांचं जाळं विणलं जातं. तेल त्या जाळ्यात, मधपोळ्यात मध राहावा तसं, धरून ठेवलं जातं. म्हणून पाचव्या हिश्श्याएवढं मेणही पुरतं. आणि म्हणूनच बाम थिजत असताना डबी हलवायची नाही. जाळं विणलं जात असतानाच तुटतं.

गावाप्रमाणे, ऋतूप्रमाणे

५० ग्रॅम बामचा हिशेब असा. एवढ्यात १० ग्रॅमच्या ५ डब्या भरतात.

मधमाशीचं मेण: १० ग्रॅम
कोकम तेल: १५ ग्रॅम
तिळाचं किंवा बदामाचं तेल: १५ ग्रॅम
खोबरेल: ५ ग्रॅम
एरंडेल: ५ ग्रॅम
ई-जीवनसत्त्वाचं तेल: ४-५ थेंब

हे प्रमाण पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत बहुतेक वर्षभर चालतं. नाशिक-निफाडच्या कडाक्यात मेण ८ ग्रॅमवर आणावं आणि तेवढं तिळाचं तेल वाढवावं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो. तिथे मेण १३ ग्रॅम, कोकम तेल १५ आणि पातळ तेलं मिळून २२ ग्रॅम घ्यावीत, त्यात खोबरेल नको. डबीऐवजी फिरवून वर येणाऱ्या नळीत भरायचा असेल तर मेण १२-१३ ग्रॅम हवंच, नाहीतर कांडी लावताना वाकते. आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत कुठलाही बाम ठेवू नये. तिथलं तापमान मेणालाही गाठतं.

मोजायला चमचा किंवा वाटी नको. मेणाच्या किसात पोकळी किती राहिली ते कळत नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटाच वापरावा, कारण या कामात २ ग्रॅमचा फरकही ओठांना जाणवतो.

चुलीपाशी

आधी डब्या गरम पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण कोरड्या कराव्यात. पाण्याचा एक थेंबही राहू देऊ नये. बामात पाणी नसतं म्हणूनच त्यात परिरक्षक घालावा लागत नाही. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागतं.

पातेल्यात दोन बोटं पाणी तापत ठेवावं आणि त्यात लहान स्टीलचं भांडं बसवावं. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये, जास्त तापलं तर ते तेलासारखंच पेट घेतं. चुकून पेटलं तर आच बंद करून भांड्यावर झाकण टाकावं, पाणी मुळीच ओतू नये. आतल्या भांड्यात आधी किसलेलं मेण घालावं, कारण त्याला सगळ्यांत जास्त उष्णता लागते. ते पारदर्शक झालं की कोकम तेल, आणि तेही विरघळलं की पातळ तेलं. गार तेल पडताच मेणाचे पांढरे तंतू दिसतील. घाबरू नये, मंद आचेवर ढवळत राहावं, ते परत विरघळतात. मिश्रण काचेसारखं स्वच्छ झालं की खाली उतरवावं आणि ई-जीवनसत्त्वाचे थेंब घालावेत.

ओतायच्या आधी चमचा-परीक्षा. पाक एकतारी झाला का हे पाहतो तसंच हे आहे. स्टीलच्या चमच्यावर मिश्रणाचे दोन-चार थेंब घ्यावेत, चमचा पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा, मग खोलीच्या हवेत थोडा वेळ राहू द्यावा. बोट फिरवून ओठांना लावून बघावं. ओढ बसत असेल तर २ ग्रॅम तेल वाढवावं, बोट सहज रुतत असेल तर १ ग्रॅम मेण. पुन्हा वितळवून पुन्हा चमचा. पहिल्या खेपेला ही परीक्षा दोन-तीनदा करावी लागते, आणि आपल्या गावाचं प्रमाण सापडतं ते त्यातूनच.

मग डब्यांत ओतावं आणि त्यांना हात लावू नये. पूर्ण गार झाल्यावरच झाकणं लावावीत. एक रात्र जाऊ दिली की बाम आपल्या खऱ्या घट्टपणाला येतो. गरम भांडं तिथल्या तिथे जुन्या कागदाने पुसून घ्यावं. मेण मोरीत गेलं तर नळीत थिजून बसतं.

बिघडलं तर

मधोमध खळगा पडला असेल तर काळजीचं कारण नाही, मेण थिजताना आकसतं. थोडं मिश्रण मागे ठेवून त्याने खळगा भरावा. बाम रवाळ लागला तर स्निग्ध पदार्थ फार सावकाश थिजला आहे आणि त्याचे मोठे कण बनले आहेत. सगळं पुन्हा पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवावं आणि या वेळी डब्या गार जागी ठेवाव्यात. वरती तेलाचे थेंब दिसले तर जाळं अपुरं पडलं आहे, मेण वाढवावं. खवट वास आला तर मात्र दुरुस्ती नाही, टाकून द्यावा. ताज्या तेलांचा बाम सावलीत सहा महिने सहज टिकतो, पण बोट स्वच्छ हवं आणि प्रत्येकाची डबी वेगळी हवी.

काय घालू नये

बिटाचा रस घालून गुलाबी बाम करण्याचा मोह होतो. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, तो तेलात मिसळत नाही, आणि रसातलं पाणी बुरशीला आमंत्रण देतं. मध आणि कोरफडीचा गर यांचंही तेच. ते ओठांना वेगळे लावावेत, डबीत नकोत. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल ओठांवर उन्हात गेलं तर कातडीवर डाग पडू शकतात. पुदिन्याचा अर्क, दालचिनीचं तेल आणि कापूर लावल्यावर झिणझिण्या येतात, गार किंवा गरम वाटतं आणि काहीतरी गुण येतोय असा भास होतो. प्रत्यक्षात ती कातडीची चुरचूर असते आणि उललेले ओठ त्याने आणखी चिघळतात. लहान मुलांच्या बामात तर कापूर अजिबात नको, पोटात गेला तर तो विषारी ठरतो.

नैसर्गिक वस्तूही कुणाकुणाला सोसत नाहीत. मेणासोबत येणारा पोळ्यातला राळेसारखा चिकटा, एरंडेल, तीळ, बदाम यांची ॲलर्जी असू शकते. नवा बाम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावा आणि मगच ओठांना लावावा. बचतगटांनी हा बाम विकायला काढायचा ठरवला तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो.

झाकण पुरत नाही तेव्हा

घरच्या बामला उन्हापासून संरक्षण देता येत नाही. खालचा ओठ वर वळलेला असतो आणि त्यावर सबंध दिवस ऊन पडतं. शेतात, होडीवर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या खालच्या ओठाची कातडी वर्षानुवर्षांच्या उन्हाने खरबरीत होते आणि त्यातून पुढे गंभीर आजार उद्भवू शकतो. अशांनी रुंद काठाची टोपी किंवा उपरणं वापरावं आणि एसपीएफ ३० लिहिलेला तयार बाम घ्यावा. घरी जस्ताची पूड मिसळून ते साधत नाही, ती सगळीकडे सारखी पसरत नाही.

ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर बाम लावत बसू नये. बी-२ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता, बुरशीचा संसर्ग, नीट न बसणारी कवळी अशी त्यामागची कारणं डॉक्टरच शोधू शकतात. आणि ओठावरची जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर एक दिवसही न दवडता दाखवावं. उशीर झाला की उपचार अवघड होतात.

डबीवरची चिठ्ठी

शेवटी डबीच्या बुडाला कागदाची छोटी चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, मेण किती ग्रॅम, तेल कोणतं, आणि ज्या महिन्यात वापरला तेव्हा बाम घट्ट वाटला की मऊ. आजीच्या डबीवर चिठ्ठी नव्हती. तिचं प्रमाण तिच्या बोटांत होतं, थंडीत ती खोबरेल जरा सढळ घालायची आणि चैत्र लागला की हात आखडायची. ते प्रमाण तिच्याबरोबर गेलं आणि मला चमच्या-चमच्याने पुन्हा शोधावं लागलं. माझ्या डबीखालच्या चिठ्ठीवर आता लिहिलं आहे: ‘पौष. मेण ९. तीळ. बरोबर.’ ही चिठ्ठी वाचून घरातलं दुसरं कुणीही पुढच्या पौषात हाच बाम करू शकेल.